डोंगरावरची खंडेनवमी

दिनांक ५ ऑक्टोबर १९७८, गुरुवार. विणकर सोसायटीच्या कचेरीत रजेवरची उचल म्हणून रुपये तीनशे माझ्या हाती मिळाले. हजर : सेक्रेटरी, मागवाले नरसय्या आणि मी.

नोटा मोजून खिशात घालेपर्यंत नरसय्याला दम निघाला नाही. "एवढ्या पैशात माणूस काशी करून येतो. हिशेबनीस कुठं निघाले?"

"तमिळ मुलखात. तिकडं एका डोंगरावर मुलगी दुर्बिणीवर काम करायला जाणार आहे."

"तारे बघायला तीनशे रुपये? आमच्या माळवदावर या की. फुकट दिसतेत."

सेक्रेटरी हसले. मीही हसलो. माझी मुलगी शैला तीन वर्षं बंगळूरला संशोधन करते आहे आणि ती ताऱ्यांवर काम करत नाही, दीर्घिकांवर करते, एवढंच मला ठाऊक होतं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकेक समूह. आपण ज्यात आहोत तो त्यातला एक. एवढं पाठ करून ठेवलं होतं. त्यापुढं कोणी विचारलं तर मी विषय बदलत असे.

खरं म्हणजे जायचा विचार माझा नव्हता. घरात नवरात्राचे घट बसलेले, त्यामुळे आमच्या मंडळींना उठता येत नव्हतं. त्या दुधनीच्या. निम्मं बोलणं कानडीत, आणि रागावल्या की सगळंच. त्या दिवशी मात्र मला नीट कळावं म्हणून मराठीत बोलल्या. "पोरगी उघड्या डोंगरावर रात्रभर जागणार, आन् तुमी हितं रजा साठवून काय मुरंबा घालणार हाय का?" मी रजेचा अर्ज लिहिला. त्यांनी कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाची चटणी आणि दोन चादरी बांधून दिल्या. पिशवीत पंचांग मी स्वतः टाकलं. सणावारात घराबाहेर असलो की मला ते जवळ लागतं.

डोंगर

गुंतकलला गाडी बदलून बंगळूर आणि तिथून शैलाला घेऊन जोलारपेट, हा प्रवास सांगण्यासारखा नाही. बसायला जागा मिळाली, एवढं पुरे. जोलारपेटला वेधशाळेची जीप आली होती. ड्रायव्हर दस्तगीर. त्याने माझी पिशवी उचलली आणि विचारलं, "काँ से आये साब?"

"सोलापूर."

"चादरां वाला सोलापूर? मेरी शादी में दो चादरां आये थे. एक अब्बी बी है. दुसरी सासरे के लोगां ले को गये, वापस दियेच नईं."

आठशे-नऊशे किलोमीटर आलो, तमिळ अक्षर वाचता येईना, आणि कानावर पडलं ते आमच्या विजापूर वेशीतलं बोलणं! मला फार हायसं वाटलं. वर पोचल्यावर दुसरा धक्का बसला. दुर्बिणीकडचे मुख्य मेस्त्री गोविंदसामी मूळ चित्तूरकडचे, घरात तेलुगू बोलणारे. आमच्या सोसायटीत हिशेब मराठीत आणि भांडणं तेलुगूत होतात. तीस वर्षं दोन्ही ऐकतो आहे. माझी तेलुगू ऐकून गोविंदसामी म्हणाले, "अय्या, तुम्ही बोलता छान, पण प्रत्येक वाक्य तक्रारीसारखं वाटतं."

डोंगर हिरवा. आमच्या कुंभारीच्या माळावर वाढलेल्या माणसाला एवढी झाडं एका जागी बघितली की कोणीतरी पाणी वाया घालवतंय असं वाटतं. मधूनच चंदनाची झाडं, गवताने शाकारलेली घरं, बकऱ्या. सगळ्यांत वर दर्ग्यासारखा पांढरा घुमट, पण मधोमध चीर असलेला. ती चीर उघडते आणि आख्खा घुमट रुळावर फिरतो.

एक गोष्ट मनाला लागली. तिन्हीसांजेला आमच्याकडे दारात दिवा लावतात. इथे त्याच वेळेला सगळ्या घरांच्या खिडक्यांना जाड पडदे सोडतात. बाहेर उजेडाचा ठिपका दिसता कामा नये. माझ्या बॅटरीला शैलाने लाल कागद बांधून दिला. पहिल्या संध्याकाळी त्या काळोखात उभा राहिलो तेव्हा अशुभ वाटलं. मग वर बघितलं आणि वाटलं ते विसरून गेलो.

रविवार, सोमवार

शैलाला दुर्बिणीवर तीन रात्री मिळाल्या होत्या : रविवार, सोमवार, मंगळवार. तिला हवी होती ती एकच दीर्घिका, तिमिंगल नावाच्या तारकासमूहातली. या दीर्घिकेचा गाभा इतरांसारखा शांत नाही. तिथून एवढा प्रकाश येतो की नुसत्या ताऱ्यांच्या संख्येने त्याचा हिशेब लागत नाही. मग तो येतो कुठून, हा तिचा प्रश्न.

"नुसतं बघून काय कळणार?" मी विचारलं.

"बघायचं नसतंच, अप्पा. प्रकाश उकलायचा असतो." तिने गेल्या वर्षीची एक प्लेट काढली. फोटोच्या फिल्मसारखा मसाला लावलेला काचेचा बोटभर लांब तुकडा. भिंगाखाली धरला तर मध्ये एक राखाडी पट्टा, त्यात उभ्या रेघा. वर-खाली आणखी दोन पट्टे, त्यांतल्या रेघा बारीक आणि स्वच्छ. "वर-खाली आहेत त्या इथल्या दिव्याच्या रेघा. त्यांच्या जागा पक्क्या माहीत आहेत. मधल्या दीर्घिकेच्या. त्याच वायूंच्या, त्याच क्रमाने, पण सगळ्या मिळून तांबड्या बाजूला सरकलेल्या."

हे मला लगेच समजलं. चादर तपासताना आम्ही नमुन्याचा तुकडा काठाला लावतो. पट्ट्यांचा क्रम बरोबर, पण पट्टे सरकले असतील तर कुठे किती ओढ बसली ते कळतं. मी तसं म्हणालो. शैला म्हणाली, "अगदी. फक्त सगळ्या रेघा सारख्या अंतराने सरकत नाहीत. जिची तरंगलांबी जास्त ती जास्त सरकते. प्रमाण एकच."

"म्हणजे व्याजासारखं. मुद्दल मोठं तर रक्कम मोठी, दर तोच."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे मी पुढच्या वेळी सांगताना वापरणार." त्या दरालाच ताम्रसृती म्हणतात. त्यावरून दीर्घिका आपल्यापासून किती वेगाने लांब जाते आहे ते निघतं.

पण तिचं काम तेवढ्यावर संपत नव्हतं. गेल्या वर्षीच्या प्लेटवर एक रेघ फुगीर होती, शाई फुटल्यासारखी. म्हणजे त्या गाभ्यातला वायू भयंकर वेगाने फिरतो आहे. यंदा ती रेघ तेवढीच फुगीर आहे की बदलली, हे बघायचं होतं. बदलली असली तर तो गाभा फार लहान आहे असं म्हणता येईल, कारण मोठी वस्तू वर्षभरात बदलत नाही. आणि तसं म्हणायला दुसरी प्लेट हवी. एका पावतीवर हिशेब पुरा होत नाही, हे मला सांगायला नको होतं. शिष्यवृत्तीची मुदत मार्चअखेर. दुर्बिणीवरची पुढची पाळी त्यानंतर. या तीन रात्रींत प्लेट मिळाली नाही तर प्रबंधातलं ते प्रकरण रिकामं जाणार होतं.

रविवारी पहाटेपर्यंत ढग. तीन वाजता तासभर आकाश उघडलं आणि शैला धावली. प्लेट ज्यात बसवून दुर्बिणीला लावतात ती एक चपटी लोखंडी पेटी असते, पुढे सरकतं झाकण. तिला अशा दोन मिळाल्या होत्या. एकीच्या झाकणाकडची मखमल झिजलेली निघाली. उजेड आत शिरला आणि प्लेट काठापासून काळी पडली. आता भरवशाची एकच पेटी उरली.

सोमवारी तर घुमट उघडलाच नाही. आम्ही तिघं आत बसून होतो, मी सोलापुरी चादर गुंडाळून. गोविंदसामींना मी कडक भाकरी आणि चटणी दिली. त्यांनी भाकरी वाजवून बघितली. "अय्या, हे खायचं की घुमटावर पत्रा म्हणून ठोकायचं?" मग चटणीसोबत तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि उरलेल्या कुठे ठेवल्या आहेत ते विचारून घेतलं.

मंगळवार, दुपार

मंगळवारी नवमी. आमच्याकडे खंडेनवमी, तिकडे आयुधपूजा. नाव वेगळं, रीत तीच. सोलापुरात त्या दिवशी माग बंद असतात. धोटा, फणी, मोटार, जे ज्याचं हत्यार ते धुऊन-पुसून पूजेला बसवतात. अक्कलकोट रोडवरच्या नव्या शेडींतसुद्धा त्या दिवशी आवाज नसतो. डोंगरावरच्या वर्कशॉपमध्ये तेच चाललेलं बघून मला घरी आल्यासारखं झालं. लेथला केळीचे खांब, पान्यांची रांग केळीच्या पानावर, चुरमुरे, डाळवं, गूळ. बाहेर दस्तगीर जीप धूत होता. गोविंदसामींनी जीपला गंध लावलं, चाकासमोर कुंकू भरलेला कोहळा फोडला. दस्तगीरने एक शिंतोडा उडवून घेतला आणि म्हणाला, "इंजिन कू बी लगाव उस्ताद, कल घाट में बंद पडी थी."

"अय्या, तुमचं हत्यार काय?" गोविंदसामींनी विचारलं.

मी खिशातलं पेन काढून दिलं. मागे वळलो आणि मनात आलं, शैलाचं काय? ती खोलीत झोपलेली. आकाशाचं काम करणारे दिवसा झोपतात. पण सगळ्यांची हत्यारं बसली आणि तिचं नाही, हे बरं दिसेना. इतकी वर्षं तिच्या हातात हत्यार म्हणावं असं काही मी बघितलंच नव्हतं. आता बघितलं होतं.

मी घुमटात गेलो. टेबलावर ती चपटी पेटी होती. झाकण सरकवून बघितलं, आत प्लेट नव्हती. प्लेटा बर्फाच्या पेटीत ठेवतात. रिकामी आहे म्हणजे नुकसान नाही, असं मी ठरवलं. वर्कशॉपमध्ये आणून दोन पान्यांच्या मध्ये बसवली, पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, अक्षता, जास्वंदीचं फूल. गोविंदसामी जीपकडून आले, पेटी बघितली, अम्मानेच, म्हणजे शैलानेच, पाठवली असं समजले आणि कापूर लावला. आरती झाली. मी पोटभर चुरमुरे खाल्ले.

चार वाजता वारा सुटला. पाच वाजता पश्चिमेकडे निळी पट्टी दिसली. साडेपाचला शैला उठून बाहेर आली, डोक्यावर स्वच्छ आकाश होतं. लहान असताना दिवाळीच्या पहाटे उठायची तसा चेहरा झाला होता तिचा.

मंगळवार, रात्र

"अप्पा, टेबलावर पेटी होती. बघितली का?"

"बघितली म्हणजे... पूजेत आहे."

"कसल्या पूजेत?"

मी सांगितलं. ती सरळ वर्कशॉपकडे गेली, मी मागोमाग. समई तेवत होती. ती खाली वाकली, पण हात लावला नाही. "कुंकू," ती म्हणाली. "झाकणाच्या खाचेत कुंकू गेलंय, अप्पा. एक कण प्लेटवर आला तरी रेघ ओरखडते. आधी विचारायचं तरी."

"तू झोपली होतीस."

"उठवायचं!"

एवढं मोठ्यानं ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज ऐकून गोविंदसामी आले. झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मला वाटलं तुम्हीच दिली, अम्मा. दुर्बिणीला आम्ही बसवतच नाही. ती कामावर असते. कामावर असलेल्याला बसवायचं नसतं. तिची पूजा पहाटे, घुमट मिटल्यावर. इतकी वर्षं असंच करतो. पण जे बसलं ते सकाळपर्यंत उठत नाही."

"सकाळी मी खाली उतरणार आहे, मेस्त्री."

"दाराला कुलूप नाही. उचला. मी अडवणार नाही. पण मग आज घुमट फिरवायला मला सांगू नका. माझा हात चालणार नाही."

शैला उंबऱ्यावर बसली. मी म्हणालो, "उचल. दोष माझा, मी माफी मागतो त्यांची." ती मराठीत मला म्हणाली, "नको. माझी एक रात्र. त्यांना इथेच राहायचंय. त्यांचं मन मोडून काढलेली प्लेट मी रोज भिंगाखाली बघायची?"

थोडा वेळ हातात होता. चंद्र डोक्यावर होता आणि तो मावळेपर्यंत, म्हणजे एक वाजून जाईपर्यंत, त्याच्या उजेडात दीर्घिकेला हात लावता येत नव्हता. त्याआधी ओळखीच्या एका ताऱ्याची प्लेट घ्यायचं तिच्या मनात होतं, ती गेली. मी खोलीवर जाऊन पंचांग आणलं. नवमी साडेबाराच्या थोडी आधी संपत होती. पुढे दशमी. मी गोविंदसामींना दाखवलं. "तिथी बदलली की खंडेनवमी संपली. मग उठवायला हरकत काय?"

त्यांनी चष्मा लावला. मराठी अक्षरांकडे संशयाने बघितलं. मग घरी जाऊन स्वतःचं पंचांग घेऊन आले, पिवळं, कोपरे दुमडलेलं. "यात पहाटे तीननंतर."

"चुकलं असेल."

"कोणाचं?"

आम्ही दोघं दोन पंचांगं घेऊन समईसमोर बसलो. बाजारात दोन वजनं घेऊन भांडणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. आज मीच एक होतो. शेवटी शैला म्हणाली, "चंद्र एकच आहे ना? थांबा."

घुमटात जाऊन तिने एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात वर्षभरातल्या प्रत्येक दिवसाची सूर्य-चंद्राची ठिकाणं छापलेली असतात. चंद्र सूर्याच्या पुढे एकशे आठ अंश गेला की नवमी संपते, हे तिने माझ्याकडून विचारून घेतलं आणि लाल बॅटरीच्या उजेडात आकडे मांडले. बेरीज मी तपासली. माझ्या पंचांगापेक्षा दोन मिनिटांचा फरक.

गोविंदसामींनी कागदावरचे आकडे बघितले. ते यंत्रावरचे माणूस, आकड्याला नाही म्हणणारे नव्हते. "तुमचं पुस्तक खरं असेल, अम्मा. या दुर्बिणीला मी त्याच पुस्तकानं वळवतो. पण पूजा मी माझ्या वडिलांच्या पंचांगानं मांडली. त्याच पंचांगानं उठवणार."

शैलाने पुस्तक मिटलं. बाहेर आकाश स्वच्छ होतं आणि पूर्वेला फार लांब वीज चमकत होती. परत ढग यायला किती वेळ लागेल, हे तिघांच्याही डोक्यात असणार.

गोविंदसामी समईची वात सारत होते. मध्येच थांबले. "अय्या, ही पेटी कोणी बसवली?"

"मी."

"तुमच्या हातानं? हळद-कुंकू?"

"सगळं मी. तुम्ही जीपकडं होता."

"मी फक्त कापूर लावला." त्यांनी वात पुढे सारून टाकली. "मग यात अडलं काय? ज्यानं बसवलं त्यानं उठवायचं, त्याच्या पंचांगानं. माझे पाने माझ्या नवमीत बसतील. तुमची पेटी तुमच्या दशमीत उठेल."

शैलाने माझ्याकडे बघितलं. मला हसू येत होतं, पण गोविंदसामी हसत नव्हते. ही पळवाट त्यांनी आमच्यासाठी शोधली नव्हती. ते खरंच तसं मानत होते, आणि म्हणूनच मला ते पटलं.

साडेबाराला मी हातपाय धुऊन बसलो. अक्षता वाहिल्या, पेटी उजव्या हाताने जराशी हलवली, घरी करतो तसं पुन्हा येण्याबद्दल विनवलं आणि उचलली. पेन मात्र तिथेच ठेवलं. पूजेत एका बाजूला नवमी चालू होती आणि एका बाजूला दशमी लागली होती. आमच्या सोसायटीच्या ऑडिटरला हे दाखवायला हवं होतं.

शैलाने खाचेतलं कुंकू मऊ ब्रशने अर्धा तास झाडलं. मग काळोख्या खोलीत प्लेट भरायला गेली. आत मिट्ट काळोख. प्लेटची मसाला लावलेली बाजू ओळखायला ती कोपरा ओठाला लावते. चिकटली तर ती बाजू. "म्हणजे उष्टं की गं," मी दाराबाहेरून म्हणालो. "आईला सांगू नका," आतून आवाज आला. राग गेला होता.

चंद्र डोंगराआड गेला आणि गोविंदसामींनी घुमट फिरवला. पुढचे पावणेदोन तास शैला शिडीवर उभी होती, डोळा भिंगाला, हातात दोन बटणं. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी तिथून निघालेला तो ठिपका एका केसाएवढ्या फटीवर धरून ठेवायचा. सुटला की प्रकाश वाया. मला काम मिळालं ढगांवर लक्ष ठेवायचं. मी बाहेर चादर पांघरून उभा होतो आणि मधून मधून आत ओरडत होतो : पूर्व उघडी, पूर्व उघडी, पूर्वेला थोडं. वीज जवळ येत होती.

"आलं!" मी ओरडलो.

"अजून दहा मिनिटं हवीत, अप्पा."

"माझ्याकडं मागू नकोस. तिकडं माग."

दहा मिळाली नाहीत, सहा मिळाली. ढगाचा काठ तिमिंगलावर आला तसं तिने झाकण ओढलं. गोविंदसामींनी घुमट मिटला आणि पाचच मिनिटांत पत्र्यावर थेंब वाजायला लागले.

प्लेट धुऊन बाहेर आणली तेव्हा आम्ही दोघं दाराशी उभे होतो. तिने ती दिव्यासमोर धरली. वर-खाली दिव्याच्या बारीक रेघा, मध्ये राखाडी पट्टा, आणि पट्ट्यात ती रेघ, फुगीर. एका टोकाला, रेघांपासून लांब, सुईच्या टोकाएवढा ओरखडा होता. माझ्या कुंकवाचा. तिने तो मला दाखवला.

"बदलली का रेघ?" मी विचारलं.

"मोजल्याशिवाय सांगणार नाही."

"दिसतंय काय? अंदाजानं?"

"अंदाजानं मी बोलत नाही. तुमच्याकडूनच शिकले." पण गेल्या वर्षीची प्लेट तिने शेजारी धरली होती, आणि तिची नजर एकीवरून दुसरीवर सारखी जात होती.

दसरा

सकाळी सहा वाजता दुर्बिणीच्या खांबाला गोविंदसामींनी गंध लावलं, नारळ फोडला. मग वर्कशॉपमधली पूजा त्यांच्या पंचांगाप्रमाणे उठवली. माझं पेन मला परत मिळालं. दस्तगीरने जीप काढली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, याचं श्रेय त्याने कुंकवाला दिलं. उरलेल्या भाकऱ्या गोविंदसामींच्या घरी पोचल्या होत्या. त्यांच्या बायकोने त्या ताकात भिजवून खाल्ल्या आणि आवडल्या म्हणून निरोप पाठवला. शैलाने प्लेट कापसात गुंडाळून मांडीवरच्या डब्यात ठेवली. ती मोजायला बंगळूरला दोन आठवडे लागणार होते.

निघताना मी विचारलं, पूजेच्या खर्चाचं काय. तिथली रीत अशी, की ज्याचं हत्यार बसलं त्याने दोन रुपये द्यायचे. मी चार रुपये पुढे केले. पेनाचे दोन, पेटीचे दोन.

गोविंदसामींनी दोन ठेवून दोन परत केले. "पेन तुमचं. पेटी तुमची कुठं आहे?"

"रात्री तुम्हीच म्हणालात, माझी."

"रात्री बसवणारा आणि उठवणारा कोण एवढंच बघायचं होतं. काम केलं कोणी?" ते जीपकडे वळले. "अम्मा, दोन रुपये."

शैला जीपमध्ये बसली होती. डबा तिने माझ्याकडे धरायला दिला, खाली उतरली आणि पर्स उघडली. पेनाचे रुपये दोन मी दिले. पेटीचे रुपये दोन शैलाने स्वतःच्या शिष्यवृत्तीतून, गोविंदसामी मेस्त्रींच्या हातात.